वत्सगुल्म : राजधानी कोणाच्या बैलांवर चालत होती?

वाशीमचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते, "आमचे गाव एके काळी राजधानी होते." वाक्य शंभर टक्के खरे आहे. अडचण एवढीच की बहुतेक वेळा ते तिथेच संपते. राजधानी होती म्हणजे नेमके काय होते? पाणी कोठून येई, माणसे राहत कशी, माल कोणत्या वाटेने व कशावर लादून येई, आणि या साऱ्याचा भार कोणाच्या खांद्यावर होता? आजचा धागा या प्रश्नांचा आहे. तो लांब आहे, आणि त्यात राजांपेक्षा बैल, खाटा, दूध आणि तळी अधिक आहेत.

माझे मत आरंभीच सांगतो. वत्सगुल्माविषयी उरलेला पुरावा नीट वाचला तर तो वैभवापेक्षा ओझ्याविषयी अधिक बोलतो. आणि म्हणूनच तो आज वाशीम जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाच्या अधिक उपयोगाचा आहे. कमानींवर राजांची नावे कोरण्यात आपण जेवढा उत्साह दाखवतो, त्याचा चौथा हिस्सा तरी या पुराव्याच्या वाट्याला यायला हवा.

आधी थोडी पार्श्वभूमी. वाकाटक राजा पहिला प्रवरसेन याच्यानंतर राज्याच्या शाखा झाल्या. एक शाखा नंदिवर्धन, म्हणजे रामटेकजवळचे आजचे नगरधन, येथून राज्य करू लागली. दुसरी शाखा प्रवरसेनाचा पुत्र सर्वसेन याने इ. स. ३३० च्या सुमारास वत्सगुल्म येथे स्थापली. वत्सगुल्म म्हणजेच वाशीम. विंध्यशक्ती दुसरा, प्रवरसेन दुसरा, देवसेन, हरिषेण अशी ही मालिका पाचव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत, सुमारे दीडशे वर्षे चालली. सर्वसेन स्वतः कवी होता. त्याचे 'हरिविजय' हे प्राकृत काव्य आज उपलब्ध नाही, पण आनंदवर्धनासारख्या काव्यशास्त्रकारांनी त्याची दखल घेतलेली आहे.

नावाच्या व्युत्पत्तीवर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. स्थानिक माहात्म्य वत्स ऋषींच्या तपश्चर्येची कथा सांगते. कामसूत्रावरील जयमंगला टीका वत्स आणि गुल्म अशा दोन राजपुत्र भावांची कथा सांगते. दोन्ही कथा नावावरून मागाहून रचलेल्या दिसतात.

खरा विचार करण्याजोगा प्रश्न जागेचा आहे. जुनी नगरे डोळ्यांपुढे आणा. पैठण गोदेवर, नाशिक गोदेवर, पवनार धाम नदीवर. वाशीमला अशी मोठी नदी नाही. हे गाव जलविभाजकाच्या पठारावर बसले आहे. जवळच्या काटा गावाच्या परिसरात उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेला वाहत जाऊन पूर्णेला, पर्यायाने तापीला मिळते. दक्षिणेचे पाणी पैनगंगेकडे, म्हणजे अखेर गोदावरीकडे जाते. एकाच तालुक्यात पडलेल्या पावसाचा काही भाग अरबी समुद्राकडे निघतो आणि काही बंगालच्या उपसागराकडे. पठारावरून दोन्ही खोऱ्यांवर नजर ठेवता येते, म्हणून सत्तेला ही जागा सोयीची. पण येथे पाणी थांबत नाही. ते थांबवावे लागते.

आता मुख्य साक्षीदाराकडे वळू. १९३९ साली वाशीम येथे विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट सापडला. राजाच्या ३७ व्या राज्यवर्षी, वत्सगुल्म येथून दिलेली ही सनद आहे. नंदिकट, म्हणजे आजचे नांदेड, याच्या उत्तर मार्गातील आकासपद्द नावाचे गाव अथर्ववेदी ब्राह्मणांना दान दिल्याची नोंद तिच्यात आहे.

'उत्तर मार्ग' या शब्दांपाशी जरा थांबा. वाकाटकांच्या कारभारात 'मार्ग' हे प्रदेशाच्या एका विभागाचे नाव होते. आपण तालुका म्हणतो तसे ते लोक मार्ग म्हणत. माझ्या समजुतीप्रमाणे याचा अर्थ असा की राज्य नकाशावर आखलेले नव्हते, ते वाटेवर मोजलेले होते. ज्या रस्त्याने अधिकारी फिरे, त्या रस्त्यालगतची गावे हाच कारभाराचा विभाग. आज अकोला, वाशीम, हिंगोली, नांदेड असा जाणारा राष्ट्रीय महामार्ग १६१ पाहिला की वत्सगुल्माहून नंदिकटाकडे पाहणारी ती सोळाशे वर्षांपूर्वीची सनद परकी वाटत नाही.

ताम्रपटाची भाषाही पाहण्यासारखी आहे. राजघराण्याची वंशावळ संस्कृतात आहे आणि प्रत्यक्ष आज्ञेचा भाग प्राकृतात. मोठेपणा संस्कृतात मिरवायचा, पण गावाने काय द्यायचे आणि काय द्यायचे नाही हे लोकांना कळेल अशा भाषेत लिहायचे, हा व्यवहार त्या लेखनिकाला ठाऊक होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण पुष्कळ समारंभ केले. ज्या प्राकृत परंपरेच्या आधारावर तो मिळाला, तिचा एक राजकीय दस्तऐवज वाशीमच्या मातीतून निघाला आहे, याची आठवण मात्र थोड्यांनाच झाली.

पण या सनदेचा गाभा आहे सवलतींच्या यादीत. दान दिलेल्या गावाला कोणकोणत्या गोष्टींतून मोकळे केले, हे ती सांगते. सैनिकांनी या गावात शिरू नये. मिठाच्या खाणीवरचा राजाचा हक्क येथे चालणार नाही. दूध आणि फुले येथून घेऊ नयेत. बसण्यासाठी कातडी आणि जाळण्यासाठी कोळसा मागू नये. खाटा, भांडी आणि राबणारी माणसे पुरवण्याची सक्ती नाही. गाई-बैल 'परंपरेने' पुरवण्याची सक्ती नाही.

अशा याद्या उलट्या वाचायच्या असतात. एका गावाला ज्यातून सूट मिळाली, ते बाकीच्या सर्व गावांना द्यावे लागत होते. वत्सगुल्माचा अधिकारी दौऱ्यावर निघाला की वाटेतल्या गावाने त्याच्यासाठी खाट टाकायची, बसायला कातडे अंथरायचे, शेकोटीला कोळसा आणायचा, सकाळी दूध आणि पूजेला फुले द्यायची, घरातले माणूस त्याच्या चाकरीला लावायचे. मुक्काम हलला की ओझे वाहायला बैल जोडायचे आणि पुढच्या गावाने आपले बैल आणेपर्यंत आपले सोडवून घ्यायचे नाहीत.

बैलांच्या त्या कलमाच्या अर्थाविषयी अभ्यासकांत एकमत नाही, हे सांगितले पाहिजे. काहींच्या मते ते पिढ्यान्‌पिढ्या होणाऱ्या गोधनावरच्या हक्काविषयी आहे, तर काहींच्या मते पाळीपाळीने वाहतुकीसाठी बैल पुरवण्याविषयी. मला दुसरा अर्थ अधिक पटतो, कारण यादीतील शेजारच्या बहुतेक गोष्टी दौऱ्यावरच्या माणसाच्या गरजेच्या आहेत. तसे असेल तर प्राचीन विदर्भाची सरकारी वाहतूक व्यवस्था म्हणजे शेतकऱ्याच्या गोठ्यातली जोडी. पेरणीच्या दिवसांत ती जोडी दोन दिवस राजाच्या कामाला गेली तर वापसा निघून जातो, हे ज्याने शेती केली आहे त्याला वेगळे सांगायला नको.

या सक्तीच्या कामाला संस्कृतात 'विष्टि' म्हणत. प्राकृतातून येता येता त्याचे झाले 'वेठ'. वाकाटक गेले, यादव गेले, निजाम आणि इंग्रजही गेले, पण 'वेठीला धरणे' हा वाक्प्रचार आपल्या तोंडी अजून आहे.

दुसरा साक्षीदार अधिक अस्वस्थ करणारा आहे. कामसूत्रात वात्सगुल्मकांच्या एका चालीचा उल्लेख येतो. तेथील मोठ्या अधिकाऱ्यांच्या अंतःपुरातील स्त्रिया रात्री सेवेसाठी राजाकडे जातात, असे वात्स्यायन कोरडेपणाने नोंदवतो. वाशीमचे नाव कामसूत्रात आहे असे कौतुकाने सांगणारे लोक भेटतात. ते कोणत्या संदर्भात आहे हे सांगणारा क्वचित भेटतो. गावाकडून बैल आणि घरातून बाई, अशी ही वसुली होती. ग्रंथकाराने सांगोवांगीची गोष्ट लिहिली असेल, अतिशयोक्ती केली असेल. तरीही ज्या नगराविषयी अशी गोष्ट खपते, त्या नगरातील सत्तेची ख्याती काय होती हे कळतेच.

मग या राजधानीने परत काही दिले की नाही? दिले, आणि त्याचा पुरावा वाशीमजवळच्या हिस्से बोराळा या खेड्यात सापडला. देवसेन राजाच्या काळातील हा शिलालेख स्वामिल्लदेव नावाच्या त्याच्या सेवकाने सुदर्शन नावाचे तळे बांधल्याचे सांगतो. शक ३८०, म्हणजे इ. स. ४५७-५८. वाकाटकांचे इतर लेख राजाच्या राज्यवर्षांत काळ मोजतात. या लेखात मात्र शकाचे वर्ष स्पष्ट दिले आहे, शिवाय सप्तर्षी उत्तरा फाल्गुनी नक्षत्रात असल्याची नोंदही आहे. वाकाटकांच्या कालगणनेत पक्का खुंटा रोवायचा तर तो येथे रोवला जातो. अजिंठ्याच्या चित्रांच्या काळाविषयी जगभरातील विद्वान वाद घालतात, आणि त्या वादात वाशीम जिल्ह्यातील एका तळ्याचा दगड साक्षीला येतो.

तळ्याचे नावही विचारपूर्वक ठेवलेले दिसते. सुदर्शन हे गिरनारच्या पायथ्याशी असलेल्या प्रसिद्ध जलाशयाचे नाव. चंद्रगुप्त मौर्याच्या काळी बांधलेला तो जलाशय रुद्रदामन क्षत्रपाने दुरुस्त केला, पुढे स्कंदगुप्ताच्या अधिकाऱ्यानेही केला. ही शेवटची दुरुस्ती आणि स्वामिल्लदेवाचे बांधकाम यांत फार तर दोन-तीन वर्षांचे अंतर आहे. तेव्हा वऱ्हाडच्या पठारावर तळे बांधणारा माणूस सौराष्ट्रातील कामाशी बरोबरी सांगू पाहत होता, असे अनुमान काढले तर ते फार धाडसाचे ठरू नये.

मला विचाराल तर वत्सगुल्माच्या इतिहासातील सर्वांत मोलाचे नाव हरिषेणाचे नाही, स्वामिल्लदेवाचे आहे. नदी नसलेल्या मुलखात त्याने पाणी अडवले आणि कोणत्या साली अडवले तेही लिहून ठेवले. सोळाशे वर्षांनंतर त्याच तालुक्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, हे पाहता त्याचा पुतळा उभारायला हरकत नसावी. पण त्याचा चेहरा कोणाला ठाऊक नाही, म्हणून पुतळ्याऐवजी एखाद्या तळ्यातला गाळ काढला तरी चालेल.

लोक राहत कसे, हा प्रश्न उरतो. नगरधनला डेक्कन कॉलेज आणि राज्य पुरातत्त्व विभागाने केलेल्या उत्खननात प्रभावतीगुप्तेच्या नावाची मातीची मुद्रा मिळाली, आणि त्या शाखेच्या राजधानीला घरे, भांडी, माणसे यांचा आकार येऊ लागला. वत्सगुल्माचे दुखणे वेगळे आहे. ते ओसाड पडलेच नाही. जुन्या वस्तीवर नवी वस्ती चढत गेली.

म्हणून वत्सगुल्माची घरे पाहायची तर सध्या अजिंठ्याला जावे लागते. १६ क्रमांकाचे लेणे हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने करवले. त्याचा पिता हस्तिभोज देवसेनाचा मंत्री होता, म्हणजे कारभाऱ्यांचीही घराणी होती. लेण्याच्या लेखात वाकाटकांची वंशावळ आहेच, पण वराहदेवाने आपण भिक्षूंना काय दिले तेही सांगितले आहे. खिडक्या आहेत, दारे आहेत, चित्रे आहेत, आणि पाण्याचे मोठे टाके आहे. राजधानीच्या माणसाला घराची कल्पना पाण्याच्या सोयीशिवाय पुरी वाटत नव्हती. १७ व्या लेण्यातील विश्वंतर जातकाच्या चित्रात राजपुत्राचा रथ बाजारपेठेतून जातो, आणि दुकानांतले व्यापारी आपापल्या कामात आहेत. हे वाशीमचे चित्र आहे असे कोणी म्हणू नये. पण चित्रकाराने आयुष्यात ज्या पेठा पाहिल्या असतील, त्यांत वत्सगुल्माची नसेलच असे कसे म्हणावे?

हरिषेणानंतर ही सत्ता झपाट्याने कोसळली. दंडीच्या 'दशकुमारचरिता'तील विदर्भाच्या राज्यनाशाची कथा या पतनाची आठवण जपते, असे मत वा. वि. मिराशी यांनी मांडले, वॉल्टर स्पिंक यांनी त्यावर आपली कालगणना उभारली. सत्ता गेली तरी नाव टिकले. चारशे वर्षांनी राजशेखराने काव्यपुरुषाचा विवाह साहित्यविद्येशी लावला तो वत्सगुल्मात. वैदर्भी शैलीला त्याने 'वच्छोमी' म्हटले, म्हणजे थेट 'वाशीमची'. राज्ये अशी मिळवून मिळत नाहीत.

पुढची शतके भराभर ओलांडू. आइन-ए-अकबरीत वऱ्हाड सुभ्यातले एक सरकार म्हणून वाशीम येते. १७६९ च्या कनकापूरच्या तहात जानोजी भोसल्यांनी पेशव्यांना दरसाल वाशीम आणि बाळापूरचे कापड द्यावे असे कलम होते. येथेही माल बाहेर जाण्याचीच नोंद उरली, विणणाऱ्यांची नाही. त्याच शतकात भोसल्यांचा दिवाण भवानी काळू याने बालाजीचे मंदिर आणि देवतळे बांधले. सत्ता कोणाचीही येवो, वाशीमला काही करून दाखवायचे तर तळे बांधावे लागते, हा धडा त्यालाही उमगला होता.

इंग्रजी अमलात वाशीम हे जिल्ह्याचे ठाणे होते, पण रेल्वे आली ती खालच्या खोऱ्यातून. १८६७ मध्ये नागपूरला पोचलेला लोहमार्ग अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा असा गेला. कापसाच्या गाठी तिकडे वळल्या आणि १९०५ मध्ये वाशीम जिल्हाच मोडून मुख्यतः अकोल्यात विलीन झाला. सातबाऱ्याच्या तंट्यापासून कोर्टाच्या तारखेपर्यंत प्रत्येक मोठ्या कामासाठी घाट उतरून अकोल्याला जायचे, हे त्यानंतर ९३ वर्षे चालले. वाशीमला रेल्वे मिळाली ती स्वातंत्र्यानंतर, अरुंद मीटरगेजची. अकोला-पूर्णा मार्ग रुंद झाला २००८ मध्ये. जिल्हा परत मिळाला १ जुलै १९९८ रोजी.

आणि २०१८ मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातील जे चार जिल्हे आले, त्यांत वाशीम होता. 'आकांक्षित' हा मागासलेपणासाठी निवडलेला सभ्य शब्द आहे. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून जातो, पण कारंजा, शेलूबाजार, मालेगावच्या बाजूने. वाशीम शहराला फाटा गाठूनच त्यावर चढावे लागते. वाटेवर असणे आणि वाटेचा उपयोग होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आकासपद्दच्या शेजारची गावेसुद्धा मार्गावरच होती.

म्हणून "आम्ही राजधानी होतो" याच्या पुढे प्रश्न असा विचारायला हवा की आजचे जिल्ह्याचे ठाणे मानोऱ्याच्या तांड्यावरील माणसाला काय देते आणि त्याच्याकडून काय घेते. दाखल्यासाठी तीन खेपा घालायला लावणे ही बैलजोडी अडवून ठेवण्याचीच जात आहे, फक्त बैलांच्या जागी मजुरी बुडते. एकबुर्जी धरणाचे पाणी शहराच्या नळाला येते, तेव्हा ते कोणाच्या शेताला मिळू शकले असते हा हिशेबही राजधानीच्या इतिहासाचाच भाग आहे.

शेवटी एक व्यावहारिक गोष्ट. वाशीमच्या जुन्या गावठाणात घराचा पाया, शौचालयाचा खड्डा, नळाची चारी, काहीही खणले तरी ते नकळत झालेले उत्खनन असू शकते. १९३९ चा ताम्रपट हाती आला नसता तर ही सवलतींची यादी आपण वाचूच शकलो नसतो. पुष्कळांना वाटते की काही सापडले असे सांगितले तर घर जाईल, काम बंद पडेल, म्हणून वस्तू मोडीत जाते किंवा परत मातीत. १८७८ चा निधी कायदा सांगतो की जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे. सरकारने ती घ्यायची ठरवली तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश अधिक मोबदला देण्याची तरतूदही त्यातच आहे. हा मोबदला आजच्या मानाने तुटपुंजा आहे आणि तो वाढवला पाहिजे. पण भीती आहे त्यापेक्षा कायदा पुष्कळ सौम्य आहे.

नगर परिषदेने गावठाणातील बांधकाम परवानगीसोबत एका पानाची सूचना द्यावी. विटांची जुनी भिंत, कोरीव दगड, अक्षरांचा पत्रा दिसला तर काम एक दिवस थांबवून कोणाला फोन करायचा, एवढेच त्यावर असावे. त्याच पानाच्या मागच्या बाजूस ताम्रपटातील सवलतींची यादी साध्या मराठीत छापावी. मिराशींचे 'वाकाटक नृपति आणि त्यांचा काल' हे पुस्तक मराठीतच आहे, मजकूर शोधायला फार लांब जावे लागणार नाही.